डाव्या बाजूचं दार

"लांबून नका बघू. लांबून सगळंच गुळगुळीत दिसतं."

असं म्हणून ते उजव्या हाताची तीन बोटं वस्तूवर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि बोटं हळूहळू ओढत न्यायचे. टेबल असो, भिंत असो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात मिळालेलं स्टीलचं ताट. कुठंतरी बोटं थांबायची. "हं. इथं आहे." त्या जागी आपण हात फिरवला तर आपल्याला काहीही लागायचं नाही. मग ते अशा नजरेनं बघायचे, की ताटातली नव्हे, आपल्यातलीच खोट त्यांना सापडलीय.

ठाण्याच्या ज्या सरकारी कचेरीत मी कारकुनी केली, तिथं ते ड्राफ्ट्समन होते. वयानं आणि हुद्द्यानं मोठे, म्हणून मी त्यांना साहेब म्हणायचो. पुढं कल्याणला एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर समोरासमोर राहायला आलो, तरी ते साहेबच राहिले. नाव इथं लिहीत नाही. त्यांची मुलगी आहे आणि तिला वाचनाची आवड आहे.

कचेरीत एकदा त्यांचा नकाशा मी दुसऱ्या विभागात नेत होतो. उन्हाळ्याचे दिवस, माझ्या घामेजल्या अंगठ्याचा ठसा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. तीन दिवस बसून त्यांनी तो नकाशा पुन्हा पहिल्यापासून काढला. चौथ्या दिवशी जुना कागद गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवला. "हा तुमचा अंगठा. घरी न्या."

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. लांबून त्याचं कौतुक वाटतं. त्याच्या घरात राहायचं म्हटलं की गोष्ट वेगळी.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. राखाडी रंगाची, उन्हात चांदीसारखी चमकणारी. रोज सकाळी बादली घेऊन खाली उतरायचे आणि मऊ फडक्यानं तिचं अंग पुसायचे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, गॅलरीतून बघायच्या आणि माझ्या बायकोला म्हणायच्या, "मुलीला एवढी आंघोळ घातली असती तर!" वहिनी मोठ्यानं हसणाऱ्या होत्या. केस कमरेखाली जायचे, वेणी घालायला अर्धा तास लागायचा, आणि त्या अर्ध्या तासात त्या अख्ख्या इमारतीच्या बातम्या सांगून मोकळ्या व्हायच्या.

गाडीत त्यांची जागा पुढं डावीकडे. प्रत्येक वेळी त्या बसल्या की साहेब म्हणायचे, "दार लावायचं असतं, आपटायचं नसतं."

"स्वयंपाकघराचं दार मी चाळीस वर्षं आपटतेय. अजून पडलं नाही," वहिनी म्हणायच्या.

एकदा कचेरीतल्या एकाच्या मुलीचं लग्न मुरबाडला होतं. मी त्यांच्या गाडीतून गेलेलो. माझ्या बायकोला दम्याचा त्रास, रस्त्याची धूळ नको म्हणून ती घरी राहिली. दुपारी जेवून परत निघालो. साहेब चालवत होते, शेजारी वहिनी, मी मागं साहेबांच्या पाठीशी. शहाडचा पूल यायच्या थोडं आधी डावीकडच्या गल्लीतून प्लायवूड भरलेला एक टेम्पो उलटा बाहेर आला, तो थेट आमच्या दारावर. आवाज फार मोठा नव्हता. पत्र्याचा डबा पायाखाली यावा तसा झाला. वहिनींच्या बाजूचं दार आत दबलं आणि त्यांचा खांदा त्यात अडकला.

आता जे सांगतो ते मी नीट सांगायला हवं.

साहेब उतरले. पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले. काच फुटली नव्हती. काचेच्या आत वहिनींचा चेहरा होता, वेदनेनं पांढरा पडलेला, आणि त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी दाराच्या दबलेल्या भागावर तीन बोटं ठेवली आणि वरून खाली नेली. सावकाश. मग मान वर केली. "लागलं का गं तुला?"

किती वेळ गेला असेल? चार सेकंद, पाच. टेम्पोवाला ओरडत होता, "काका, हॉर्न तरी मारायचा ना!" माणसं जमली. शेजारच्या पंक्चरवाल्यानं पहार आणून दार उचकटलं.

वहिनींच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. कल्याणच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेलाच नाही. पोळ्या कशाबशा जमायच्या. वेणी मात्र जमेना. रोज सकाळी तेलाची बाटली आणि कंगवा घेऊन त्या आमच्याकडे यायच्या आणि माझी बायको त्यांची वेणी घालून द्यायची.

मी एकदा गमतीनं म्हटलं, "वहिनी, साहेबांना सांगा की. सरळ रेघ मारण्यात त्यांचा हात कोण धरणार? भांग कसा सुरेख पाडतील."

"त्यांचा हात नको," वहिनी म्हणाल्या. एवढंच. पूर्वी अशा वाक्यामागून हसू यायचं. ते आलं नाही.

गाडी गॅरेजमधून दहा दिवसांनी आली. दार ठोकून सरळ केलेलं, रंगवलेलं. मला तर नवीनच वाटली. साहेबांनी बोटं फिरवली, मग सकाळच्या, दुपारच्या आणि संध्याकाळच्या उजेडात तीनदा बघितलं. "मागच्या दारापेक्षा हे जरा निळं आहे."

गॅरेजवाला म्हणाला, "काका, दोन महिने उन्हात फिरवा. कलर सेट होऊन जाईल."

"कलर सेट होत नसतो," साहेब म्हणाले. "आपली नजर सेट होते."

पुढच्या आठवड्यात त्यांनी ते दार मिस्त्रीकडून उतरवून घेतलं आणि दोन माणसांकरवी वर घरी आणलं. खाली गाडी एका बाजूला निळी ताडपत्री बांधून उभी राहिली. वर घरात, हॉलच्या मधोमध, दोन स्टुलांवर दार. मोबाइलवर तासन् तास व्हिडिओ बघून त्यांनी सगळं शिकून घेतलं होतं. रंग कसा खरवडायचा, पुट्टी किती पातळ लावायची, पाणी मारून पॉलिशपेपर कसा घासायचा. एक छोटा कॉम्प्रेसर आला, रंग उडवायची गन आली, थिनरचे डबे आले. रंगाची छटा जुळवायला ते बिस्किटांच्या डब्यांच्या झाकणांवर नमुने मारायचे. गॅलरीतल्या दोरीवर कपड्यांऐवजी राखाडी झाकणं लटकायला लागली. प्रत्येकाच्या मागं पेन्सिलनं बारीक सुवाच्य अक्षरात नंबर.

मी एकदा सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला गेलो. वहिनी दिवाणावर बसल्या होत्या, हात झोळीत. समोर, अगदी गुडघ्यांशी, ते दार आडवं पडलेलं. वर ओला राखाडी रंग, कडेला पांढरी पुट्टी. घरभर थिनरचा वास.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "फक्त आमच्या पाहुण्यांना धक्का लावू नका."

मे महिना होता. मी घाम पुसत वर बघितलं. पंखा बंद.

"पंखा नाही लावायचा," आतून साहेबांचा आवाज आला. "ओल्या रंगावर धूळ बसते."

वहिनी उजव्या हातानं वर्तमानपत्राची घडी हलवत वारा घेत होत्या. मला हसू आलं तेव्हा. खरंच आलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही.

एकदा रंगाला ओघळ आला, एकदा बारीक माशी चिकटली, एकदा चमक मागच्या दारापेक्षा जास्त झाली. दर वेळी ते सगळा रंग घासून पत्र्यापर्यंत जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "उद्या शेवटचा हात," असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. उन्हाळा गेला, पावसाळा आला, तरी शेवटचा हात राहिलेलाच. हवेतल्या ओलीनं रंग दुधाळ पडायला लागला, म्हणून पावसाळ्यात त्यांनी गॅलरीला प्लास्टिक लावून घेतलं. आता वास बाहेर जायचाही बंद झाला आणि सरळ जिन्यात उतरायला लागला. जिन्यातून आमच्या घरात.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. माझ्या बायकोचा दमा वाढला. दोनदा तिला वाफ द्यायला दवाखान्यात न्यावं लागलं. मी साहेबांना आधी हात जोडून सांगितलं, मग जरा चढ्या आवाजात सांगितलं, आणि शेवटी सोसायटीच्या कागदावर नोटीस दिली. ते नोटीस घेऊन थेट मीटिंगला आले. तोंडाला बांधलेला रुमाल गळ्यात, भुवयांवर राखाडी धूळ.

सगळ्यांसमोर त्यांनी नोटिशीतल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका वाचून दाखवल्या. मग म्हणाले, "हे गृहस्थ कचेरीतही असेच होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर सह्या केल्या. स्वतःच्या हातानं एक काम पुरं केलेलं मी पाहिलं नाही."

कुणीतरी हसलं. ते वाक्य खरं होतं, आणि म्हणूनच ते माझ्या घशाखाली उतरेना.

त्यानंतर आठवड्याभरातच ती सकाळ आली. वहिनी नेहमीसारख्या वेणीसाठी आलेल्या. बायको चहा टाकायला आत गेली. वेणी अर्धी घालून झाली होती, वहिनींनी तिचं टोक मुठीत धरलं होतं. मी पेपर वाचत होतो.

"भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा की."

"त्या दिवशी तुम्ही मागं बसलेलात. हे खाली उतरून आले तेव्हा यांनी आधी काय बघितलं? मला, की दाराला?"

मी पेपर खाली ठेवला. त्या पुढं म्हणाल्या, "मी यांना विचारलं. हे म्हणतात, तुला भास झाला. मार लागला की माणसाला काहीबाही दिसतं. मलाही आता वाटायला लागलंय, असेल भास. एवढ्या वर्षांचा संसार आहे. माझंच चुकत असेल, मी उगाच मनात धरून बसलेय."

त्या 'असेल भास' म्हणायला आल्या होत्या. मला ते स्पष्ट दिसत होतं. मी नुसतं 'हो वहिनी, भासच' म्हणायचं होतं. पुढचं त्यांनी आपापलं निभावून नेलं असतं.

"दाराला," मी म्हणालो.

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर खरं बोललो असं निदान म्हणता आलं असतं. मी पुढं म्हणालो, "बराच वेळ. हात फिरवून फिरवून बघत होते."

वहिनींनी मुठीतल्या वेणीकडे बघितलं. "म्हणजे भास नव्हता," त्या म्हणाल्या. चहा आला, त्यांनी तो पूर्ण प्यायला. बायकोला म्हणाल्या, "आज घट्ट घाल गं वेणी. दोन दिवस टिकली पाहिजे."

त्या आठवड्याच्या शेवटी त्या मुलीकडे कळव्याला गेल्या. चार दिवसांसाठी, असं सांगून. मग त्यांचे कपडे गेले, देव्हाऱ्यातला त्यांचा बाळकृष्ण गेला, आणि मग सगळ्यांना कळलं.

साहेब एके दिवशी दुपारी आमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं, आले नाहीत.

"तुम्ही तिला सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं. मी खोटं कसं बोलू?"

"मी काय बघत होतो, माहितीय तुम्हाला?"

मी नकारार्थी मान हलवली.

"दार कुठं अडकलंय ते बघत होतो. बिजागरीत अडकलंय की कुलपात. तिचा खांदा आत होता. चुकीच्या बाजूनं ओढलं असतं तर हात गेला असता तिचा. मी डोळ्यांनी नाही बघू शकत या गोष्टी. मला बोटांनीच कळतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. नकाशातली चूक समजावून सांगावी तसे ते बोलत होते.

"मग हे वहिनींना का नाही सांगितलंत? भास झाला म्हणून का सांगितलंत?"

ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. नखांच्या कडांना राखाडी रंग बसलेला. "तिनं विचारलं तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की हे तिला पटणार नाही. आणि पटेल असं मी आयुष्यात कधी वागलोही नव्हतो."

ते गेले. दार लावून मी आत बसलो. आजही तो प्रसंग मी डोळ्यांपुढं आणून बघतो. बोटं कुठं फिरत होती? दाराच्या कडेला, कुलपापाशी? की मधोमध, जिथं रंग उडाला होता तिथं? मला आठवत नाही. मी त्या दिवशी पाहिलं एवढंच खरं. काय पाहिलं ते मला माहीत नव्हतं, आणि तरी मी साक्ष दिली.

दिवाळीच्या आधी दार पुरं झालं. मिस्त्रीनं येऊन बसवलं. गाडी धुऊन उन्हात उभी केली आणि साहेबांनी मला खाली बोलावलं. का बोलावलं कळलं नाही. दाखवायला दुसरं कुणी उरलं नसेल. मी गाडीभोवती दोनदा फिरलो. कुठलं दार रंगवलंय हे ठाऊक असूनही डोळ्यांना सापडत नव्हतं. आमच्या समोरच, घरच्या हॉलमध्ये, बिस्किटांच्या डब्यांच्या झाकणांवर शिकून एका सत्तरीच्या माणसानं ते केलं होतं.

"सापडत नाही साहेब," मी म्हणालो.

"नाही ना?" त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "आता तिला घेऊन येतो."

इस्त्रीचा शर्ट घालून ते कळव्याला गेले. तीन तासांनी परत आले. मी पार्किंगमध्येच होतो, मुद्दाम थांबलो होतो असं म्हणा. गाडीत ते एकटेच होते.

"वहिनी?"

"खाली उतरली. बघितलं." त्यांनी गाडी बंद केली, काच वर घेतली. "म्हणाली, छान झालंय. आणि जिना चढून वर गेली."

त्यानंतर त्यांनी गाडी फारशी बाहेर काढली नाही. खोकला सुरू झाला होता, तो हटेना. मी एकदा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडावर धरून विचारलं, "रंगाच्या कारखान्यात होतात का?"

"नाही," साहेब ताठ बसून म्हणाले. "मी ड्राफ्ट्समन."

रुमालाऐवजी नीट मास्क लावला असता तर, असं डॉक्टर काहीतरी बोलले. थिनरमुळंच झालं की नाही हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. मुलगी येऊन जाऊन असायची, जेवणाचे डबे पाठवायची. वहिनी दवाखान्यात दोनदा आल्या. खुर्ची पलंगापासून हातभर लांब घेऊन बसल्या, मोसंबी सोलली, फोडी बशीत ठेवल्या आणि वेळ संपल्यावर गेल्या. दोघं भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. फाल्गुनात साहेब गेले. मी खांदा दिला. वहिनी रडल्या नाहीत. सगळ्या बायका त्याचीच चर्चा करत होत्या आणि माझी बायको माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. त्या सकाळी चहा टाकता टाकता तिनं माझं उत्तर आतून ऐकलं होतं.

गाडी मुलीनं विकायला काढली. डोंबिवलीचा एक तरुण बायकोला घेऊन बघायला आला. कागदांवर सही करायची म्हणून वहिनी कळव्याहून आलेल्या, आणि मुलीला रजा मिळाली नव्हती म्हणून त्यांनी मला खाली थांबायला सांगितलं होतं. केस त्यांनी कापून टाकले होते, मानेपर्यंत. एका हातानं विंचरता येतील एवढेच.

पोरगा हुशार होता. मोबाइलचा टॉर्च लावून त्यानं गाडीखाली पाहिलं, इंजिन चालू करून कान लावला, चारही दारं उघडून मिटून पाहिली. मग वहिनींपाशी आला.

"काकू, गाडी एक नंबर ठेवलीय काकांनी. फक्त एक खरं सांगा हां. हिला कधी ठोकर वगैरे बसलीय? कुठं पेंट-बिंट मारलेलं? नंतर लफडं नको."

मी जमिनीकडे बघायला लागलो.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तिला कधी काही लागू दिलं नाही त्यांनी."

आणि उजव्या हातानं पर्समधून चावी काढून त्यांनी ती त्याच्या तळहातावर ठेवली.